नाइट आणि शिव्हलरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातले नाइट आणि त्यांची शिव्हलरी, म्हणजे नाइटाने कसं वागावं याची रीत, यांबद्दल बोलायला लागलं की प्रश्न ठरलेलेच येतात. काही शाळकरी मुलांचे, काही लंडनची सहल करून आलेल्यांचे, दोन-चार नुसती खोड काढणाऱ्यांचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः बाराव्या ते पंधराव्या शतकातल्या इंग्लंड-फ्रान्सची आहेत. जर्मनी, स्पेन, इटलीतला मामला बराच वेगळा होता. विल्यम मार्शल नावाचा एक माणूस मधूनमधून डोकावत राहील. त्याला इलाज नाही. त्या काळच्या नाइटाचं जगणं इतक्या जवळून दाखवणारं दुसरं चरित्र सापडणं कठीण.

नाइट म्हणजे नेमका कोण? सरदार म्हणायचं की घोडेस्वार?

कोणत्या शतकातला, त्यावर आहे. इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'क्निख्त'मध्ये आहे आणि त्याचा अर्थ पोऱ्या, हाताखालचा गडी. फ्रेंच 'शेव्हालिए', स्पॅनिश 'काबायेरो', जर्मन 'रिटर' हे शब्द घोड्यावर बसणारा एवढंच सांगतात. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला लढलेला नॉर्मन नाइट म्हणजे बहुतेकदा कुणातरी बड्या माणसाच्या पदरी राहणारा, त्याच्या पंगतीला जेवणारा आणि त्याच्यासाठी घोड्यावरून लढणारा शिपाईगडी. दीडशे वर्षांनी तोच शब्द घराण्याचा मान म्हणून मिरवला जाऊ लागला.

आपल्याकडचे शब्द लावून बघायचे तर शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. सुरुवातीचे कितीतरी नाइट बारगीरच होते. ज्याला जमिनीचा तुकडा मिळाला, तो शिलेदार झाला. तुलना इथेच सोडावी हे बरं, कारण पुढे नाइटहुड हा रीतसर विधी करून मिळणारा दर्जा झाला, शिलेदारी हा पेशाच राहिला.

बुद्धिबळातला आपला घोडा म्हणजे इंग्रजीतला नाइट. आपण स्वार गाळला आणि घोडा ठेवला. खर्चाचा हिशेब पाहिला तर बरोबरच केलं.

हा विल्यम मार्शल कोण?

इंग्लंडमधल्या एका मधल्या फळीतल्या घरातला चौथा मुलगा, जन्म ११४७ च्या आसपास. चौथा मुलगा म्हणजे वारसा जवळजवळ शून्य. मरताना, १४ मे १२१९ रोजी, तो पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार होता आणि लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार पाहत होता. मधली सगळी चढण त्याने भाल्याच्या, घोड्याच्या आणि एका लग्नाच्या जोरावर चढली. त्याच्या मुलाने पदरचे पैसे घालून त्याचं चरित्र जुन्या फ्रेंचमध्ये पद्यात लिहवून घेतलं, १९ हजारांहून जास्त ओळींचं. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. ती १८६१ मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला पडली, आणि तेव्हा कुठे जगाला या माणसाची तपशिलात ओळख झाली. मुलाने बापावर लिहवून घेतलेला ग्रंथ, तेव्हा मीठ चवीपुरतं घालूनच वाचायचा.

त्याच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो, कारण शिव्हलरीतला अर्धा गुंता तिच्यात आहे. ११५२ मध्ये इंग्लंडचा राजा स्टीफन याने विल्यमच्या बापाच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. बापाने तह करतो म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस ठेवला आणि तहाच्या मुदतीत किल्ल्यात रसद भरली. पोराला फाशी देऊ, असा निरोप गेला. बापाचं उत्तर आलं : याच्याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण अजून माझ्यापाशी आहेत. पोराला दगडफेकी यंत्रावरही नेलं, तर त्याला वाटलं झोपाळाच आहे. राजाला हात उचलवेना. काही दिवसांनी राजाच्या तंबूत दोघं रानातल्या तुऱ्यांच्या काड्या घेऊन 'नाइट-नाइट' खेळत बसलेले लोकांनी पाहिले; पोराने राजाच्या तुऱ्याचं डोकं उडवलं. दिलेला शब्द मोडणारा बाप पुढे निभावून गेला. पोरावर हात न टाकणाऱ्या राजाला मात्र इतिहासाने दुबळा ठरवलं.

नाइट व्हायला काय करावं लागे?

साधारण सातव्या वर्षी मुलाला दुसऱ्या बड्या घरी पाठवत. तिथे तो पेज : पानं वाढायची, निरोप पोचवायचे, बसण्या-बोलण्याची रीत शिकायची. चौदाच्या सुमारास स्क्वायर : धन्याचं चिलखत घासायचं, घोड्याची देखभाल, जेवताना मांस कापून देणं, आणि रोजचा तलवार-भाल्याचा सराव. विशीच्या आसपास नाइट. विल्यमला असंच नॉर्मंडीत तांकारव्हिलला एका नातलगाच्या घरी धाडलं होतं. खाणं-झोपणं यापलीकडे या पोराला काही सुचत नाही, अशी तिथल्यांची तक्रार होती.

११६६ च्या सुमारास त्याला नाइट केलं आणि लगेच द्रांकूरच्या चकमकीत उतरवलं. तो जिवावर उदार होऊन लढला आणि स्वतःचा घोडा गमावून बसला. रात्री जेवणावळीत एका अर्लने मस्करी केली : मार्शल, तुझ्या लुटीतलं मला काहीतरी दे रे, घोड्याच्या शेपटीखालचा पट्टा दे, नाहीतर जुनी गळपट्टी तरी. विल्यम भोळेपणाने म्हणाला, माझ्याकडे तसलं काही नव्हतंच कधी. सगळे हसले, कारण त्या दिवशी ज्याने डोकं चालवलं असतं त्याच्याकडे ढीग जमला असता. नाइटाचं खरं शिक्षण इथे सुरू झालं. शौर्य दाखवायचं खरं, पण पकडलेला घोडा सोडायचा नाही.

खांद्यावर तलवार टेकवून 'सर' करायचे ना?

ते बरंच नंतरचं. आधी होता तो एक दणका. नाइट करणारा माणूस नव्या नाइटाच्या मानेवर नाहीतर गालावर हाताने सणसणीत रट्टा द्यायचा आणि खाल्लेला मार परतवायचा नाही असा तो एकच प्रसंग. विधी म्हणजे मुख्यतः कमरेला तलवार बांधणं आणि टाचेला स्पर, म्हणजे घोड्याला इशारा द्यायचा काटा चढवणं. आदल्या दिवशीचं स्नान, पांढरे कपडे, चर्चमध्ये रात्रभर जागरण ही सजावट हळूहळू जमा झाली. थोडी मौंजीसारखी : विधीचा गाभा छोटा, त्याच्याभोवती पिढ्यान् पिढ्या काहीबाही चिकटत गेलेलं. लढाईच्या तोंडावर मात्र यातलं काही नाही. मैदानातच पटापट तलवारी बांधून पाच-पन्नास नाइट तयार करत.

चिलखत इतकं जड असे का, की क्रेनने घोड्यावर चढवावं लागे?

नाही. ही अफवा सिनेमाने पसरवली.

विल्यमच्या काळात पत्र्याचं चिलखत नव्हतंच. हजारो लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा असे, साधारण दहा ते चौदा किलोंचा. पंधराव्या शतकातलं डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादी चिलखत वीस ते पंचवीस किलो भरतं. पंचवीस किलो म्हणजे वाण्याकडची तांदळाची गोणी, पण गोणी एका खांद्यावर येते आणि चिलखताचं वजन अंगभर वाटलेलं असतं. फ्रान्सचा मार्शल, म्हणजे सेनानी, बुसिको (१३६६–१४२१) पूर्ण चिलखतात रिकिबीत पाय न घालता घोड्यावर उडी घेई आणि शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी वर चढून जाई, असं त्याचा चरित्रकार लिहितो. तलवारीही दहा-दहा किलोंच्या नव्हत्या. बहुतेक सव्वा-दीड किलोच्या आतबाहेर.

खरी अडचण उकाड्याची आणि शिरस्त्राणाची. शँपेनमधल्या प्लर गावच्या टूर्नामेंटनंतर त्या दिवसाचं बक्षीस कुणाला द्यायचं यावर खल झाला. बक्षीस होतं एक भलामोठा पाइक मासा. प्रत्येक बडा माणूस आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होता. शेवटी सगळ्यांचं मत विल्यमवर आलं. दोन नाइट मासा घेऊन त्याला शोधायला निघाले तर हा गावच्या लोहाराकडे. गुडघे टेकलेले, डोकं ऐरणीवर आडवं, आणि लोहार हातोडा-सांडशी घेऊन घणाचे घाव घालतोय. दिवसभर मार खाऊन चेपलेलं शिरस्त्राण डोक्यातून निघतच नव्हतं. ते ओरबाडून काढल्यावर विल्यमने मासा स्वीकारला.

टूर्नामेंट म्हणजे तेच ना, दोन घोडेस्वार समोरासमोर भाले घेऊन?

ते जाऊस्ट, आणि मधला कठडा घालून खेळला जाणारा तो सुबक प्रकार तर पंधराव्या शतकातला. विल्यमच्या काळची टूर्नामेंट म्हणजे ठरवून केलेली खोटी लढाई. दोन गट, प्रत्येकी शेकडो स्वार, आणि मैदान म्हणजे दोन गावांमधला सगळा मुलूख : शेतं, मळे, ओढे, गल्ल्या. पंच नाही. विश्रांतीसाठी कुंपण घातलेल्या काही जागा, एवढाच नियम. उद्देश मारण्याचा नव्हे, पकडण्याचा. समोरच्याच्या घोड्याचा लगाम धरायचा, त्याला आपल्या गटाकडे ओढत न्यायचं. तो शरण आला की घोडा आणि चिलखत आपलं, किंवा त्याच्या बदल्यात पैसे.

विल्यमने रॉजर नावाच्या दुसऱ्या नाइटाशी चक्क भागीदारी केली, मिळेल ते निम्मं-निम्मं. एका हंगामात, दहाएक महिन्यांत, दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले. हा आकडा कुठून आला? धाकटा राजा, म्हणजे दुसऱ्या हेन्रीचा मुलगा, याच्या मुदपाकखान्याचा कारकून विगां याने तो लिहून ठेवला होता. शौर्याची नोंद स्वयंपाकघराच्या वहीत! मला या सगळ्या विषयात याहून आवडता तपशील नाही.

चर्चला हे मंजूर नव्हतं. ११३० मध्ये क्लेरमाँच्या आणि ११३९ मध्ये लॅटरनच्या परिषदेत टूर्नामेंटवर बंदी आली : त्यात मेलेल्याला चर्चच्या जमिनीत दफन मिळणार नाही. कुणी ऐकलं नाही. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये सरळ परवाने काढले, पाच ठरलेल्या जागा आणि दर्जाप्रमाणे फी : अर्लला २० मार्क, बॅरनला १०, जमीन असलेल्या नाइटाला ४, बिनजमिनीच्याला २. पोपची बंदी शेवटी १३१६ मध्ये उठली. विल्यमचाच मुलगा गिल्बर्ट १२४१ मध्ये हर्टफर्डजवळच्या टूर्नामेंटमध्ये लगाम तुटून, घोड्यामागे फरफटत जाऊन मेला. बंदी होती तरी त्याला लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये वडिलांपाशी जागा मिळाली.

शत्रूला पकडलं तर मारत नसत, हे खरं?

नाइट नाइटाला शक्यतो मारत नसे. दया हे एक कारण होतं, पण खंडणी हे मोठं. जिवंत नाइट म्हणजे त्याच्या घराच्या ऐपतीइतकी रक्कम. पहिल्या रिचर्डला ऑस्ट्रियात पकडलं तेव्हा सुटकेची किंमत दीड लाख मार्क ठरली आणि ती जमवताना इंग्लंडमधल्या मठांची लोकरही सुटली नाही.

हा आपसातला करार होता, आणि त्यात पायदळाचा शिपाई, तिरंदाज, शेतकरी धरलेले नव्हते. त्यांच्याकडे खंडणी कसली? उलट बाजूनेही तेच. ११ जुलै १३०२ रोजी कूर्त्रेला फ्रेंच नाइटांची गाठ फ्लँडर्सच्या विणकर-खाटकांच्या फौजेशी पडली. त्यांना हा करार माहीत नव्हता, किंवा पाळायचा नव्हता. कैदी न घेण्याचा हुकूम होता. लढाईनंतर मेलेल्या नाइटांच्या टाचांवरचे पाचेकशे सोनेरी स्पर गोळा करून गावच्या चर्चमध्ये टांगले. म्हणून तिला सोनेरी स्परांची लढाई म्हणतात. ऐंशी वर्षांनी फ्रेंचांनी येऊन गाव जाळलं.

करार आतूनही मोडे. २५ ऑक्टोबर १४१५, अ‍ॅजिनकोर्ट. लढाई जिंकल्यात जमा, कैद्यांची गर्दी, आणि मागून नवा हल्ला येतोय अशी हाकाटी. पाचव्या हेन्रीने कैदी मारायचा हुकूम दिला. त्याचे नाइट कचरले, एका वृत्तांतात ते काम तिरंदाजांकडे दिल्याचं येतं. कचरण्यात लाज किती आणि बुडणाऱ्या खंडणीची हळहळ किती, ज्याने त्याने ठरवावं.

दिलेला शब्द खरंच पाळत?

बरेचदा, आणि इथे मला शिव्हलरीचं वजन जाणवतं. खंडणीची पद्धतच शब्दावर चालायची : कैद्याला 'जा, पैसे जमवून आण' म्हणून सोडत आणि तो परत येई. न येणाऱ्याचं कुलचिन्ह उलटं टांगून त्याची नाचक्की करत.

सर्वांत मोठं उदाहरण फ्रान्सच्या राजाचं. १९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वातिएच्या लढाईत जाँ दुसरा इंग्रजांच्या हाती लागला. १३६० च्या तहात खंडणी ठरली ३० लाख एक्यू, म्हणजे सोन्याची नाणी. राजाला सोडलं, बदल्यात त्याचा मुलगा लुई आणि इतर ओलीस राहिले. लुईला बायकोची आठवण झाली आणि तो पळाला. बापाला ते लागलं. १३६४ च्या जानेवारीत जाँ आपण होऊन लंडनला कैदेत परत गेला आणि एप्रिलमध्ये तिथेच मेला. लंडनच्या मेजवान्यांची त्याला ओढ होती, असंही तेव्हाच कुणीकुणी कुजबुजलं.

शिव्हलरीचे दहा नियम कुठे वाचायला मिळतील?

ते फॉरवर्डमध्ये फिरणारे दहा नियम लेऑं गोतिए या फ्रेंच लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी काव्यं वाचून स्वतः बेतले. मध्ययुगात अशी एक ठरलेली यादी कुठेच नव्हती.

होती ती पुस्तकं, आणि त्यांची आपसात एकवाक्यता नाही. मायोर्काच्या रामोन युलने १२७५ च्या सुमारास नाइटाला जवळपास धर्मगुरूच्या शेजारी बसवलं. फ्रेंच नाइट जोफ्रुआ द शार्नी याने १३५० च्या सुमारास लिहिलं ते शिपायाच्या अनुभवाचं : जो जास्त करतो तो जास्त मोलाचा. टूर्नामेंट चांगली, गावची लढाई तिच्याहून चांगली, मोठं युद्ध सगळ्यांत चांगलं. हाच शार्नी १३४९ च्या शेवटच्या रात्री, तह चालू असताना, एका अधिकाऱ्याला लाच चारून इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले शहराचा दरवाजा उघडायला गेला आणि फसला, कारण अधिकाऱ्याने आधीच इंग्रजांना कळवलं होतं. सुटून आल्यावर शार्नीने त्या माणसाला हुडकून त्याचं मुंडकं उडवलं. आणि तोच शार्नी प्वातिएला राजाचं लाल निशाण हातात धरून, पळायला वाट असताना, जागेवर उभा राहून मेला. हे सगळं एकाच माणसाच्या खाती आहे.

सगळ्या पुस्तकांत येणारे गुण मात्र मोजता येतात : पराक्रम, धन्याशी इमान, सढळ हात, बोलण्या-वागण्यातली दरबारी रीत. यात सढळ हाताला आपल्याला वाटतो त्याहून फार जास्त मान होता. पैसा साठवणारा नाइट ही शिवीच.

म्हणून विल्यमची आणखी एक गोष्ट. रस्त्यात त्याला एक जोडपं भेटलं. घर सोडून आलेली थोरा घरची मुलगी आणि तिच्यासोबत पळालेला संन्यासी. विल्यम म्हणाला, बाई, तुला तुझ्या भावाकडे पोचवतो. ती नको म्हणाली, त्याने हट्ट धरला नाही. मग विचारलं, पोटाचं काय? संन्यासी म्हणाला, ४८ लिव्हर आहेत, व्याजाने लावू. विल्यमचा पारा चढला. व्याज! पैसे काढून घेतले, घोडे आणि बोचकी त्यांच्याजवळ राहू दिली. मुक्कामावर येऊन मित्रांबरोबर त्याच पैशात मेजवानी झोडली. चरित्रकार हे कौतुकाने सांगतो. त्यात चोरी आहे हे त्याच्या मनालाही शिवत नाही.

पण दुबळ्यांचं रक्षण हे तर व्रत होतं ना?

चर्चची मागणी होती. ९८९ मध्ये फ्रान्समध्ये शारूला धर्मगुरू जमले आणि चर्च लुटणाऱ्याला, शेतकऱ्याची गुरं पळवणाऱ्याला बहिष्कृत करू असं जाहीर केलं. कुणाला उद्देशून? याच घोडेस्वारांना. नियम कशाविरुद्ध केला ते पाहिलं की गावात काय चाललं होतं ते कळतं.

साडेतीनशे वर्षांनीही चित्र फारसं पालटलं नव्हतं. 'शेव्होशे' म्हणून युद्धाचा एक प्रकार होता, आपल्या भाषेत सरळ मुलूखगिरी. शत्रूच्या प्रदेशातून जाळत, लुटत जायचं म्हणजे त्याचा महसूल बुडतो. १३५५ च्या शेवटी इंग्लंडच्या राजपुत्राने, ज्याला पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणू लागले, बोर्दोपासून नारबॉनपर्यंत अशी मोहीम केली. त्याच्या कारभाऱ्याने घरी पाठवलेल्या पत्रात जळालेल्या गावांकडून फ्रान्सच्या राजाला किती कर मिळायचा याचा हिशेब मोठ्या समाधानाने दिला आहे. आणि हाच राजपुत्र पुढच्या वर्षी प्वातिएच्या संध्याकाळी कैदी राजाला स्वतः उभा राहून वाढत होता, त्याच्या शेजारी बसायची आपली पायरी नाही म्हणत.

यात ढोंग आहे असं त्याला मुळीच वाटलं नसतं. राजा त्याच्या पंगतीतला माणूस होता, गावकरी नव्हते.

शिव्हलरी म्हणजे स्त्रीदाक्षिण्यच ना?

मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की बसमध्ये बाईला जागा दिली की शिव्हलरी झाली. शब्द छान आहे, पण तो या गोष्टीच्या एका कोपऱ्यावर बेतलेला आहे. स्त्रीची सेवा हा विषय मुख्यतः कवींनी वाढवला. दक्षिण फ्रान्सच्या त्रूबादूरांनी, म्हणजे गाणी रचणाऱ्या कवींनी, सुरुवात केली आणि तो दरबारोदरबारी पसरला.

काहींनी मात्र तो अगदी अंगावर घेतला. उलरिख फॉन लिख्टेनस्टाइन हा ऑस्ट्रियाकडचा नाइट १२२७ मध्ये व्हीनस देवीचा वेष करून, बाईचे कपडे आणि वेण्या लावून, व्हेनिसपासून बोहेमियाच्या दिशेने गावोगाव जाऊस्ट खेळत गेला आणि आपण ३०७ भाले मोडले असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं. सगळं एका बाईसाठी, जी त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. वाटेत काही दिवस काढून तो बायकोला भेटायला घरी गेला. हो, बायको होती.

प्रत्यक्षातलं लग्न कसं ठरे? विल्यमचं घ्या. ११८९ च्या उन्हाळ्यात ल मान्सबाहेर म्हाताऱ्या दुसऱ्या हेन्रीची पिछाडी सांभाळताना त्याच्यासमोर पाठलाग करत आलेला हेन्रीचा बंडखोर मुलगा रिचर्ड उभा ठाकला, चिलखताशिवाय. मला मारू नकोस, रिचर्ड ओरडला. तुला सैतान मारो, म्हणत विल्यमने भाला त्याच्या घोड्यात घातला. महिन्याभरात रिचर्ड राजा झाला, त्याने विल्यमला माफ केलं आणि इसाबेल द क्लेअर ही आयर्लंड-वेल्समधल्या प्रचंड जमिनीची वारस त्याला बायको म्हणून दिली. तो बेचाळीस-त्रेचाळीसचा, ती सतरा-अठराची, राजाच्या ताब्यात लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली. तिला कुणी विचारलं नाही. संसार मात्र तीस वर्षं चालला, दहा मुलं झाली, आणि कठीण प्रसंगी तो तिच्याशी सल्लामसलत करी.

स्त्रिया नाइट होत का?

जवळजवळ नाहीच. पण वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या सरदारीणबाई कितीतरी. आणि युद्धकलेवर १४१० च्या सुमारास फ्रेंचमध्ये लिहिलेला एक वजनदार ग्रंथ क्रिस्टीन द पिझाँ या विधवा बाईच्या लेखणीतून उतरला आहे.

टेम्प्लर कोण होते? त्यांचा गोव्याशी संबंध आहे म्हणतात.

टेम्प्लर म्हणजे लढणारे संन्यासी. ११२० च्या आसपास जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी संघ निघाला, बघता बघता श्रीमंत झाला. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सच्या कर्जबाजारी राजाने सगळ्यांची धरपकड केली. १३१२ मध्ये पोपने संघ मोडला. गुप्त खजिना वगैरे विचारू नका.

गोव्याचा धागा खरा आहे, पण वळसा घेऊन येतो. पोर्तुगालच्या राजाने तिथल्या टेम्प्लरांची मालमत्ता हातची जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये ऑर्डर ऑफ क्राइस्ट हा नवा संघ काढून त्याच्याकडे सोपवली. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांना याच संघाचा पैसा लागला. म्हणून १४९८ मध्ये कालिकतला आलेल्या वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर आणि १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आरमारावर जो लाल क्रूस होता, तो या संघाचा.

सगळ्यांनाच नाइट व्हायचं असे?

उलट, लोक चुकवत! तेराव्या शतकात चिलखत, घोडे, विधीचा खर्च, शिवाय ज्युरीवर बसण्यासारखी सरकारी कामं गळ्यात पडणं, हे सगळं नको म्हणून इंग्लंडमधले सुखवस्तू जमीनदार स्क्वायरच राहू लागले. मग राजाने सक्ती केली : १२७८ मध्ये वर्षाला २० पौंड जमिनीचं उत्पन्न असलेल्याने नाइट व्हावं, नाहीतर दंड भरावा. राजाला दंडच बरा वाटे. १६३० मध्ये चार्ल्स पहिल्याने हा धूळ खात पडलेला कायदा पुन्हा काढून भरपूर वसुली केली, तेव्हा पार्लमेंटने १६४१ मध्ये तो रद्दच करून टाकला.

बंदुकीने नाइट संपवला का?

एकट्या बंदुकीने नाही. लांब भाल्यांचं शिस्तीचं पायदळ, इंग्रजी धनुष्य, आणि मुख्य म्हणजे रोख पगारावर फौज ठेवू शकणारे राजे. नाइट संपला असंही नाही. तो पगारी घोडदळाचा अधिकारी झाला. पण ज्याला शेवटचा खरा नाइट म्हणायची पद्धत आहे, तो बायार ३० एप्रिल १५२४ रोजी उत्तर इटलीत बंदुकीच्या गोळीनेच मेला, हे खरं.

आजचे 'सर' हे त्यातलेच का?

नावापुरते. १३४८ च्या सुमारास तिसऱ्या एडवर्डने ऑर्डर ऑफ द गार्टर काढली, राजा धरून २६ जणांचं मंडळ, आणि तेव्हापासून पदक देऊन माणूस बांधून ठेवायची युक्ती राजांना सापडली. ब्रिटिशांनी ती इकडे आणली. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये नाइट झाले, असा मान मिळालेले पहिले भारतीय. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये 'सर' झाले. त्यांच्या हातात तलवार नव्हती, संस्कृत पोथ्या होत्या. गोखल्यांनी मात्र देऊ केलेली नाइटहुड नाकारली.

मार्शलचा शेवट कसा झाला?

१२१७ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, लिंकनच्या लढाईत तो इतक्या घाईने निघाला की शिरस्त्राण घालायचंच विसरला. एका पोऱ्याने आठवण करून दिली. दोन वर्षांनी थेम्सकाठच्या आपल्या घरी अंथरुणाला खिळला. चरित्रातला हा भाग सगळ्यांत सुंदर आहे. एक दिवस त्याला गावंसं वाटलं, पण लोक वेडा म्हणतील म्हणून मुलींना बोलावून गायला लावलं. धाकटीला लाज वाटत होती; तिला त्याने चाल सांगितली.

एका कारकुनाने सुचवलं, कोठीत ८० फरचे झगे पडून आहेत, विकून आत्म्यासाठी दानधर्म करावा. विल्यम उखडला : गप्प बस. पेंटेकॉस्टचा सण आलाय, माझ्या नाइटांना दरवर्षी माझ्याकडून कपडे मिळतात, हे शेवटचे. आणि धर्मगुरूंचं म्हणणं त्याच्या कानावर घातलं, की लढाईत घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय मुक्ती नाही, तेव्हा तो म्हणाला : हे लोक आमची फारच बारीक हजामत करतात. मी ५०० नाइट पकडले, त्यांचे घोडे, हत्यारं, सगळं ठेवून घेतलं. त्यापायी स्वर्गाचं दार बंद होणार असेल तर माझा इलाज नाही. ते सगळं आता मी परत कुठून देऊ?

त्याला बघायचं असेल तर कुठे जायचं?

लंडनचं टेम्पल चर्च. टेम्पल नावाच्याच ट्यूब स्टेशनपासून चालत जाता येतं. वाटेत वकिलांच्या कचेऱ्यांचे बोळ लागतात, तिथे गोंधळायला होतं. चर्चच्या गोल भागात जमिनीवर दगडी नाइट आडवे पडले आहेत. त्यातला एक त्याचा मानतात, शेजारी मुलगे. १९४१ च्या बॉम्बफेकीत छत जळून त्यांच्यावर कोसळलं, त्यामुळे सगळेच जखमी आहेत. नाक गेलेलं, चेहरा पुसट. कड्यांच्या चिलखताची वीण मात्र अजून ओळखू येते. हस्तलिखित बघायचं असेल तर ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.